चार बाय सहाची मोरी

नवे घर पाहायला निघालेल्या मंडळींबरोबर एकदा सहज हिंडून पाहा. दिवाणखान्यात सगळे थांबतात. सोफा कुठे येईल आणि टीव्ही कोणत्या भिंतीला, यावर तिथल्या तिथे दोन पक्ष पडतात. स्वयंपाकघरात ओट्याच्या दगडाचा रंग निघतो. निजण्याच्या खोलीत पलंग मावेल की नाही हे कोणी तरी पावलांनी मोजते. मग स्वयंपाकघरामागचे एक अरुंद दार ढकलून घर दाखवणारा माणूस म्हणतो, "ही ड्राय बाल्कनी." मंडळी दारातूनच माना आत घालतात, "बरं, बरं" म्हणतात आणि मागे फिरतात. आत पाऊल कोणी टाकत नाही.

या नावाची मला मोठी गंमत वाटते. साऱ्या घरात जी जागा सर्वांत ओली राहावयाची, तिचेच नाव कोरडी बाल्कनी! नाव ठेवणाराच्या डोळ्यांपुढे वाळत घातलेले कपडे असावेत. ते कपडे आधी कोणी तरी धुवावे लागतात हे त्याच्या ध्यानात आले नसावे. वाचकहो, ज्या दारातून मंडळी परत फिरली त्या दारातून आज आपण आत जाऊ आणि चार फूट रुंद, सहा फूट लांब अशा या तुकड्यात काय काय बसवता येते, कसे बसवावे, याचा थोडा विचार करू. घर विकत घेतलेले असो, बांधायचे असो की जुन्याची डागडुजी काढलेली असो, विचार साधारण एकच आहे.

या जागेचे आपले नाव मोरी. आंघोळीची ती न्हाणी. हा दुसरा शब्द तर फार लांबवर गेला आहे. सांडपाण्याच्या तोंडाशी जमिनीत बसवतात त्या भांड्याला नळकारागीर 'नहाणी ट्रॅप' म्हणतात आणि आपल्या देशात छापलेल्या बांधकामाच्या इंग्रजी पाठ्यपुस्तकांतही तो शब्द तसाच्या तसा सापडतो. शब्द टिकला, जागा मात्र आकसत गेली. वाड्यात परसदारी आड असे, आडाशेजारी काळ्या पाषाणाचा थोडा तिरका दगड असे आणि धुण्याचे पाणी आपले आपण केळीच्या आळ्यात जाई. हे सारे फार सुखाचे होते असे मात्र समजू नका. रहाटाने पाणी शेंदून ज्यांच्या हातांना घट्टे पडले त्यांना कोणी विचारले नव्हते. पुढे चाळीतले एका खोलीचे बिऱ्हाड आले. तिथे मोरी म्हणजे कोपऱ्यातली तीन बाय तीनची चौकट, दोन-तीन इंचांचा कठडा आणि वर एक तोटी. पहाटे तिथे आंघोळी, मग भांडी, मग धुणे. जागेची तूट वेळापत्रकाने भरून काढीत. चाळीतून सदनिकेत येताना आधी ऊन गेले, केळी गेल्या, आणि शेवटी दगडही गेला. धुण्याचे यंत्र आले. यंत्र आले म्हणजे धुण्यासाठी निराळी जागा हवीच कशाला, असा एक समज तेव्हापासून पसरला आहे.

तो समज किती खरा? घरातल्या आठवड्याच्या धुण्याची यादी करून पाहा. शाळेच्या सदऱ्याची कॉलर यंत्रात टाकण्याआधी हाताने घासावी लागते. मोजे, पायपुसणी, ओट्यावरची फडकी, बाळाची दुपटी, रंग जाणारे नवे कापड, जरीकाठाची साडी, ही सारी यंत्राबाहेरच राहतात. गोधडीचे तर विचारूच नका. ती यंत्रात मावली तरी पाणी पिऊन एवढी जड होते की यंत्र गदागदा हलू लागते. म्हणजे यंत्र घेतले तरी हाताचे धुणे उरतेच. ते उरते हे आधी कबूल केले नाही, तर यंत्र ठेवून उरलेल्या दीड फुटाच्या फटीत, अंग चोरून, कोणी तरी उकिडवे बसून ते करीत राहते. हे 'कोणी तरी' म्हणजे घरातली बाई किंवा घरकामाला येणारी बाई. जागेचा आराखडा मंजूर करणारे आणि त्या जागेत बसणारे माणूस बहुधा एक नसते. या विषयातली खरी अडचण हीच आहे. फुटांची आणि इंचांची अडचण त्यामानाने सोपी.

मुंबईत महालक्ष्मी स्टेशनाजवळच्या पुलावरून खाली पाहिले की धोबीघाट दिसतो. सिमेंटच्या टाक्यांच्या रांगाच रांगा, टाकीशी दगड, आणि दगडाशी उभा राहून कपडे आपटणारा माणूस. उभा राहून, हे ध्यानात घ्या. ज्याचे पोटच धुण्यावर चालते, ज्याला दिवसभरात कपड्यांचे ढीगच्या ढीग उपसायचे असतात, तो उकिडवा बसत नाही. गुडघे आणि कंबर हे त्याचे भांडवल आहे, आणि ते कसे जपायचे हे त्याला कळते. घरातल्या धुण्याला मजुरी नाही, म्हणून तिथे गुडघ्यांचा हिशेब कोणी मांडीत नाही. पन्नाशीनंतर बसले की उठवत नाही, उठले की चालवत नाही, अशी तक्रार सुरू झाली म्हणजे आपण तेलाची बाटली आणतो. गुडघेदुखीला कारणे अनेक असतात हे खरे. पण दुखऱ्या गुडघ्यांना रोज अर्धा तास ओल्या फरशीवर बसवणे हा काही त्यावरचा उपाय नव्हे.

तेव्हा पहिली गोष्ट धुण्याचा ओटा. त्याची उंची कशी ठरवावी? पुस्तकातले माप घेऊ नका. जिने धुवायचे तिला सरळ उभे राहायला सांगा आणि हात कोपरात काटकोनात वाकवायला सांगा. कोपरापासून एक वीत खाली जी रेघ येईल ती ओट्याची कड. पाच फूट उंचीच्या बाईला ही कड जमिनीपासून अडीच फुटांच्या आसपास येते. ओट्याचा अर्धा भाग म्हणजे खोलगट कुंड आणि उरलेल्या अर्ध्यावर खाचा पाडलेला दगड, कुंडाकडे उतरता. खाली पायांची बोटे आत जातील एवढी पोकळी ठेवावी, नाही तर माणूस ओट्यापासून दूर उभे राहून कमरेत वाकतेच आणि उंचीचा सारा फायदा फुकट जातो. कुंड चकाकणाऱ्या पत्र्याचे असो की दगडाचे, माझे त्याविषयी काही म्हणणे नाही. पण त्यावरची तोटी एवढी उंच असावी की खाली बादली सहज उभी राहील. बादली तिरकी धरून भरावी लागते अशा तोट्या मी पुष्कळ घरांत पाहिल्या आहेत.

आणि बसून धुण्याची जिला सवय आहे, तिने काय करावे? तिची सवय मोडायला आपण कोण? चादरी आणि गोधड्या तुडवायला तरी जमीन हवीच. म्हणून अडीच फूट बाय अडीच फूट एवढी फरशी मोकळी राहू द्यावी आणि भिंतीत हाताला येईल अशा उंचीवर एक भक्कम गज बसवावा. उठताना त्याला धरता येते. एवढ्याशा गजाची किंमत, ज्यांना तो लागतो त्यांनाच कळते.

आता पाण्याकडे वळू. भारतीय मानक ब्यूरोच्या पाणीपुरवठ्यासंबंधीच्या संहितेत शहरी माणसाला दिवसाला १३५ लिटर पाणी धरले आहे, आणि त्यातले २० लिटर कपडे धुण्यासाठी. चार माणसांच्या घरात हे ८० लिटर झाले. ८० लिटर पाणी म्हणजे ८० किलो वजन. नळ न्हाणीघरात आणि धुण्याचा दगड बाल्कनीत अशी ज्या घरात रचना आहे, तिथे हे ८० किलो स्वयंपाकघरातून, ओल्या पावलांनी, बादलीबादलीने कोणी तरी वाहून नेते. त्यापेक्षा वेगळी तोटी बाल्कनीत आणण्याचा खर्च कितीसा? शिवाय तोट्या दोन हव्यात, एक यंत्राची आणि एक कुंडाची. एकाच तोटीला फाटा काढून दोन्ही भागवले की यंत्र पाणी घेत असताना कुंडातली धार बारीक होते, आणि यंत्राची नळी रोज काढघाल करून ढिली पडते.

वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांनी आणखी एक पाहावे. गच्चीवरची टाकी तोटीपेक्षा जितकी उंच तितका पाण्याला जोर. टाकीच्या अगदी खालच्या मजल्याला सर्वांत कमी जोर मिळतो. यंत्राबरोबरच्या माहितीपत्रकात किमान दाब छापलेला असतो; तो विकत घेण्यापूर्वी वाचावा. नाही तर तासाभराचे धुणे दोन तासांवर जाते आणि दोष यंत्राच्या माथी येतो.

ज्या गावांत पाणी एक दिवसाआड येते तिथे पिंप ठेवणे भाग पडते. दोनशे लिटरचे भरलेले पिंप दोनशे किलोंच्या वर जाते. राहत्या घराच्या बाल्कनीचा हिशेब भारतीय मानकात दर चौरस मीटरला सुमारे ३०० किलो एवढ्या भाराचा धरतात. आपल्या चार बाय सहाच्या जागेचे क्षेत्रफळ सव्वादोन चौरस मीटर. एक पिंप, एक यंत्र आणि एक माणूस यांना नीट बांधलेली बाल्कनी सहज पेलते. पण पाचशे लिटरची टाकी, तीही भिंतीपासून दूर, बाहेरच्या कडेला ठेवायची असेल, तर इमारतीच्या अभियंत्याला विचारल्याशिवाय ठेवू नये. जुन्या इमारतीत, जिथे सज्ज्याच्या पोटाला तडे गेले आहेत आणि गंजलेले गज दिसू लागले आहेत, तिथे एक पिंपदेखील विचारूनच ठेवावे.

शेवटच्या खळबळणीचे पाणी पुष्कळसे स्वच्छ असते. यंत्राची बाहेर जाणारी नळी त्या वेळी बादलीत सोडली तर ते शौचकूपात ओतायला, नाही तर जिना धुवायला चालते. बादली ठेवायला आणि उचलायला जागा असेल तरच हे रोज घडते. जागा नसेल तर पहिले आठ दिवस उत्साह टिकतो.

पाणी आणणे जेवढे महत्त्वाचे तेवढेच ते घालवणे. आणि घालवण्याकडे तर कोणीच पाहत नाही, कारण ते फरशीखाली असते. बाल्कनीची फरशी स्वयंपाकघराच्या फरशीपेक्षा निदान दोन इंच खाली असावी आणि दर चार फुटांना अर्धा ते पाऊण इंच उतार सांडपाण्याच्या तोंडाकडे असावा. उतार आहे की नाही हे डोळ्यांना दिसत नाही. गवंडी "आहे, आहे" म्हणतो. एक तांब्या पाणी लांबच्या कोपऱ्यात ओता आणि ते कुठे जाते ते पाहत उभे राहा. फरशी बसवण्यापूर्वी, खालचा जलरोधक थर झाल्यावर, तोंड बंद करून त्यात चोवीस तास पाणी साठवून ठेवावे आणि दुसऱ्या दिवशी खालच्या बिऱ्हाडाचे छत पाहून यावे. हे एवढे केले नाही म्हणून शेजाऱ्याशेजाऱ्यांत वर्षानुवर्षे बोलणे बंद झालेली उदाहरणे प्रत्येक सोसायटीत असतील.

सांडपाण्याचे तोंड यंत्राखाली कधीही दडवू नये. कपड्यांचे तंतू, सदऱ्याचे बटण, मुलाच्या खिशातली खडूची कांडी, सगळे तिथे येऊन अडकते आणि ते हाताने काढावे लागते. त्या तोंडाच्या आत, मघाशी सांगितलेल्या नहाणी ट्रॅपमध्ये, साधारण दोन इंच पाणी नेहमी साचून राहते. गटारातली घाण हवा आणि झुरळे या दोन इंच पाण्यानेच अडतात. मे महिन्यात मंडळी गावी गेली की ते पाणी सुकते, आणि परत आल्यावर घरात दुर्गंधी का येते याचा शोध सुरू होतो. बाहेरगावी निघताना कुलूप लावण्यापूर्वी एक तांब्या पाणी तिथे ओतावे. महिनाभराचा मुक्काम असेल तर शेजाऱ्याजवळ किल्ली ठेवतो तसा त्याच्याकडे हाही निरोप ठेवावा.

यंत्राविषयी आता थोडक्यात. घरगुती यंत्र दोन फूट रुंद आणि जवळजवळ तेवढेच खोल असते. मागे नळ्यांसाठी चार इंच सोडले की अठ्ठावीस इंच गेले. चार फुटांच्या रुंदीत ते आडवे लावले, तर समोर वीस इंच उरतात. वरून उघडणाऱ्या यंत्रापुढे उभे राहायला वीस इंच पुरतात. पुढून उघडणाऱ्यापुढे मात्र खाली वाकून कपडे काढायचे असतात आणि त्याचे दारही पुढे उघडते, तेव्हा तिथे निदान तीन फूट हवेत. म्हणून ते घ्यायचे असेल तर लांबीच्या दिशेला तोंड करून ठेवावे. वरून उघडणाऱ्याच्या डोक्यावर फळी मारताना झाकण उघडून पाहावे, ते उभे राहिले की सव्वाचार फुटांपर्यंत जाते. पुढून उघडणाऱ्याचा माथा मोकळा राहतो आणि घड्या घालायला आयता ओटा मिळतो. ज्या घरात धुतलेले कपडे खुर्चीवर ढिगाने पडून राहतात त्या घरात आळस असतो असे नाही. घडी घालायला सपाट जागाच नसते.

सांडपाण्याच्या नळीचाही एक कायदा आहे. पुढून उघडणाऱ्या यंत्राची नळी दोन-अडीच फूट उंचीवर अडकवायची असते. ती जमिनीवर टाकली तर भरलेले पाणी आपोआप निथळून जाते आणि यंत्र पुन्हा पुन्हा पाणी घेत बसते. वरून उघडणाऱ्या पुष्कळ यंत्रांचे उलट आहे, त्यांची नळी जमिनीलगतच हवी. यंत्र ठरल्याशिवाय भिंतीतली भोके पाडू नयेत, एवढे लक्षात ठेवले म्हणजे झाले.

विजेच्या बाबतीत मात्र काटकसर नको. पाणी गरम करणारे यंत्र दोन हजार वॅटच्या आसपास वीज खाते, म्हणून त्याला सोळा अँपियरचे स्वतंत्र बटण आणि खरोखर जमिनीपर्यंत पोचलेली अर्थिंगची तार पाहिजे. बटण साडेचार-पाच फुटांवर, तोटीपासून दूर असावे. घरातल्या मुख्य फळीवर तीस मिलिअँपियरचा आर. सी. सी. बी. बसवलेला असावा, ओल्या हातातून वीज जमिनीत जाऊ लागली की तो क्षणार्धात प्रवाह तोडतो. स्वयंपाकघरातून लांबवलेली वायर आणि ओल्या फरशीवर पडलेले जोडबटण, हे दृश्य दिसले तर धुणे तिथल्या तिथे थांबवा. गॅसचे सिलिंडरही पुष्कळ जण याच बाल्कनीत ठेवतात आणि मग काचा लावून ती बंद करतात. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड, गळला तर जमिनीलगत साचतो. त्याच्या शेजारी यंत्राचे बटण असणे बरे नव्हे. सिलिंडर तिथेच ठेवणे भाग असेल तर जमिनीलगत जाळीचे झरोके मोकळे ठेवावेत.

आता उरले वाळवणे. आणि आपल्या हवेत धुण्यापेक्षा वाळवणेच अवघड. महाराष्ट्राच्या अक्षांशावर उत्तरेकडे तोंड असलेल्या भिंतीला सप्टेंबरच्या अखेरीपासून मार्चच्या उत्तरार्धापर्यंत थेट ऊन मिळत नाही. पश्चिमेला दुपारचे कडक ऊन मिळते, त्यात रंग लवकर उडतात, शिवाय पावसाळ्यात वारा तिकडूनच येत असल्याने झड थेट आत येते. पूर्वेची बाजू मिळाली तर सोने. सकाळी धुतलेल्या कपड्याला लगेच कोवळे ऊन आणि पावसाची झड कमी. दक्षिणेचीही वाईट नाही, कारण हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे झुकलेला असतो आणि ऊन खोलवर येते. अर्थात बाल्कनी फिरवता येत नाही. पण घर निवडताना दिवाणखान्यातून दिसणाऱ्या देखाव्याला जेवढे गुण देता त्यातले दोन इकडे द्यायला हरकत नाही. आणि स्वयंपाकघराचा धूर बाहेर टाकणारा पंखा कुठे तोंड करतो तेही पाहा. वाळत घातलेल्या सदऱ्याला लसणीच्या फोडणीचा वास लागला की तो पुन्हा धुवावा लागतो.

पावसाळ्याचा थोडा हिशेब मांडू, कारण त्याने बऱ्याच गोष्टी उलगडतात. चार किलो सुके कपडे यंत्रात चांगले पिळून निघाले तरी त्यांत सुमारे दोन लिटर पाणी उरते. हाताने पिळले तर त्याहून पुष्कळ जास्त. हे पाणी कुठे जायचे? हवेत. दहा बाय दहाच्या, नऊ फूट उंच खोलीत सुमारे साडेपंचवीस घनमीटर हवा असते. सत्तावीस अंश तापमानाला एवढी हवा फार तर साडेसहाशे ग्रॅम वाफ धरू शकते. जुलै महिन्यात ती आधीच पंचाऐंशी टक्के भरलेली असते, म्हणजे तिच्यात जेमतेम शंभर ग्रॅमची जागा उरली. आपल्याजवळ तर दोन हजार ग्रॅम पाणी आहे! खिडक्या लावून, निजण्याच्या खोलीत दोरी बांधून कपडे टांगले तर ते दोन दिवसांनी कुबट होतात, भिंतीला काळी बुरशी धरते, आणि ज्याला दम्याचा त्रास आहे त्याला तो जाणवू लागतो, यात नवल ते काय? हवा निदान वीस वेळा बदलली पाहिजे. म्हणून पावसाळ्यात ऊन नसले तरी चालते, वारा हवा. बाल्कनीच्या बाहेरच्या बाजूला जाळी आणि आतल्या बाजूला उघडता येणारे दार, असा हवेचा सरळ मार्ग ठेवावा. वर एक भिंतीवरचा पंखा, शिंतोडे न येतील अशा जागी. सगळी बाल्कनी काचांनी बंद करून घेणाऱ्यांनी हा हिशेब एकदा मांडून पाहावा. पावसाची झड अडवायला सरकत्या काचा लावायच्याच असतील तर वरचा वीतभर पट्टा जाळीचा ठेवावा.

कपडे टांगायला छताखाली कप्पीवर वरखाली होणाऱ्या दांड्या हा उत्तम उपाय. वाड्यांतून आढ्याला बांबू टांगलेले असत, त्यांना कुठे कुठे वलणी म्हणत. सोवळ्याचे नेसू त्यांवर काठीने वाळत पडे. कल्पना तीच, आता फक्त दोरी ओढायची. दोन दांड्यांत एक वीत अंतर असू द्या. सहा दांड्या दाटीवाटीने लावण्यापेक्षा चारांवर कपडे लवकर सुकतात. दांडी खाली आल्यावर ती आखूड हाताच्या माणसाच्या खांद्याशी यावी. टाचा उंचावून चादर टाकणे म्हणजे ओल्या फरशीवर घसरण्याला आमंत्रण.

खिडकीच्या कठड्यावरून बाहेर ओणवे होऊन, एका हाताने गज धरून, दुसऱ्या हाताने बाहेरच्या दोरीवर लुगडे पसरणाऱ्या बाया शहरात कोणत्याही गल्लीत दिसतात. खालून जाणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. वर त्यांना सवय झालेली असते. बाहेर दोरी हवीच असेल तर ती दोन्ही टोकांना कप्पी लावून आतून सरकवता येईल अशी बसवावी. आणि यंत्र, पिंप, पालथी बादली, स्टूल, यांपैकी काहीही बाहेरच्या कठड्याला लागून ठेवू नये. तीन वर्षांच्या मुलाला ती पायरी वाटते. रांगते मूल घरात असेल तर भरलेली बादलीसुद्धा उघडी ठेवू नये. थोड्या पाण्यातही लहान मूल बुडते. सोडा, साबणाची पूड, डाग काढायचे द्रावण, हे सगळे वरच्या फळीवर, मोठ्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीला.

मळक्या कपड्यांची टोपली जाळीची असावी, प्लॅस्टिकची बंद पेटी नको. घामेजलेले कपडे बंद पेटीत दोन दिवस राहिले तर त्यांच्यावर तीळ पडतात, आणि ते डाग मग कुठल्याही साबणाने जात नाहीत. विहिरीचे किंवा बोअरचे पाणी जड असेल तर साध्या साबणाचा फेस होत नाही, त्याचा चिकट साका होतो आणि पांढरे कपडे करडे दिसू लागतात. अशा पाण्यात धुण्याचा सोडा घालतात किंवा जड पाण्यातही फेस देणारी पूड वापरतात. आणखी एक खुंटी आणि एक लहानशी फळी त्या जागेत राहू द्या. धुणाऱ्या बाईचे घड्याळ, मोबाइल, तिने कोरडी ठेवावी म्हणून काढून ठेवलेली ओढणी, आणि तिचा चहाचा कप, यांना ओल्या फरशीखेरीज दुसरे ठिकाण बहुतेक घरांत नसते.

हे सर्व कागदावर बसते की नाही ते कागदावर पाहू नका. गच्चीवर किंवा दिवाणखान्यात खडूने चार फूट बाय सहा फूट चौकट आखा. दार कुठे ते दाखवा. दोन फुटांचा खोका यंत्राच्या जागी ठेवा, ओट्याच्या जागी टेबल ओढा, वर एक दोरी बांधा. आणि मग जी रोज धुते तिला, ती घरातली असो वा कामाला येणारी, त्या चौकटीत उभी राहायला सांगा. बादली कुठे ठेवशील, चादर कुठे पिळशील, उठताना हात कुठे जातो, असे तिला विचारा, आणि ती सांगेल तिथे खडूची रेघ हलवा. एका दिवसात चौकट पुसू नका. चार-आठ दिवस तशीच असू द्या. त्यात चादरी धुण्याचा एक वार येऊन जाऊ द्या, आणि गवंड्याला त्यानंतर बोलवा.